बुटात पेपर कोंबू नका! पावसाळ्यात पहिल्यांदा प्योंगयांगला जाताय तर हे वाचा

आपल्याकडे बूट भिजले की काय करतो, कालचा पेपर घ्यायचा, बोळे करायचे, बुटात कोंबायचे, सकाळपर्यंत बूट बऱ्यापैकी सुके. ऑगस्ट २०१९ मध्ये मी उत्तर कोरियाला गेलेलो तेव्हा पहिल्याच रात्री हॉटेलच्या रूमवर हेच करायला निघालो होतो. हातात विमानात मिळालेला पेपर, पहिलं पान चुरगळणार तेवढ्यात रूममेट जवळजवळ किंचाळलाच. पहिल्या पानावर किम जोंग-उन यांचा फोटो होता. तिथे नेत्याचा फोटो असलेला पेपर चुरगळायचा नाही, फोटोवरून घडी घालायची नाही, कचऱ्यात टाकायचा नाही, त्यावर बसायचं तर अजिबातच नाही, आणि मी तो ओल्या बुटात घालायला निघालेलो. आपल्या सवयीतली एक साधी गोष्ट तिथे गुन्हा होऊ शकते आणि पावसात अशा सवयी जास्त वर येतात. म्हणून हा लेख, जाणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितोय, जमेल तसं.

सगळ्यात आधी: दार उघडं आहे का ते बघा

जानेवारी २०२० मध्ये कोविडमुळे देश पूर्ण बंद झाला आणि अजूनही आधीसारखा उघडलेला नाहीये. त्यांच्या सरकारी विमान कंपनीची, एअर कोर्योची, बीजिंग फ्लाइट ऑगस्ट २०२३ मध्ये परत सुरू झाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियन टुरिस्टांचा पहिला ग्रुप गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये रासोन नावाचा ईशान्येचा कोपरा बाकीच्या देशांच्या लोकांसाठी उघडला आणि मार्च उजाडल्यावर काही दिवसांतच बंदही केला. त्याच एप्रिलमध्ये प्योंगयांग मॅरेथॉनमध्ये मात्र परदेशी लोक धावले. म्हणजे दार कधी किलकिलं होतं कधी धाडकन बंद, आणि कारण कोणी सांगत नाही. त्यामुळे स्टेप एक अशी की एजन्सीने लेखी कन्फर्म केल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका आणि काढलंच तर रिफंडेबल काढा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

पासपोर्ट कुठला आहे तेही बघा. अमेरिकन पासपोर्टवर १ सप्टेंबर २०१७ पासून अमेरिकेनेच बंदी घातलीय, त्यामुळे न्यू जर्सीच्या मंडळींनो, तुमचं जमणार नाही. लंडनचे जे मराठी लोक ब्रिटिश पासपोर्टवर जातील त्यांनी एक लक्षात ठेवा, १ मार्च २०११ नंतर उत्तर कोरियाला जाऊन आलेल्याला अमेरिकेचा तो ऑनलाइन ईएस्टा (व्हिसाशिवाय जायची परवानगी) मिळत नाही, रीतसर व्हिसाच्या लाइनीत उभं राहावं लागतं. आपल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना तो प्रश्न नाही, आपण तसेही लाइनीतच असतो.

एजन्सी, व्हिसा आणि चीनचा डबल एंट्रीचा घोळ

स्वतःहून बॅग उचलून जाता येत नाही. मान्यताप्राप्त एजन्सीच्या टूरवरच जायचं, हॉटेल, जेवण, बस, दोन गाईड आणि ड्रायव्हर सगळं पॅकेजमध्ये. व्हिसा एजन्सीच काढते, तुम्ही पासपोर्टचा स्कॅन, फोटो आणि नोकरीची माहिती द्यायची. नोकरीबद्दल खोटं लिहू नका, आणि पत्रकार असाल तर टुरिस्ट म्हणून जायचा विचारच सोडा. व्हिसा वेगळ्या कागदावर येतो, देश सोडताना तो परत घेतात, म्हणून पासपोर्टवर शिक्का मिरवायची हौस असेल तर ती मनातच ठेवा.

इथे आपले लोक फसतात ते चीनच्या व्हिसात. बीजिंगमधून आत जाणार आणि बीजिंगमध्येच परत येणार, म्हणजे चीनमध्ये दोनदा शिरणार, म्हणजे डबल एंट्री. सिंगल एंट्रीवर गेलात तर परतताना बॉर्डरवर अडकाल. चीनने भारतीयांना टुरिस्ट व्हिसा जुलै २०२५ पासून परत द्यायला सुरुवात केलीय, फॉर्म भरताना तो डबलचा चौकोन विसरू नका.

प्योंगयांगमध्ये भारताचा दूतावास आहे. जुलै २०२१ मध्ये तो रिकामा झाला होता, डिसेंबर २०२४ मध्ये आपले लोक परत गेले. पोचायच्या आधीच तुमच्या तारखा त्यांना ईमेलने कळवून ठेवा. इन्शुरन्सवाल्याला फोन करून "उत्तर कोरिया कव्हर होतो का" असं स्पष्ट विचारा, बऱ्याच पॉलिसीत बारीक अक्षरात तो देश वगळलेला असतो.

कधी जायचं

खरं सांगायचं तर बेस्ट सीझन सप्टेंबर-ऑक्टोबर. पण सुट्ट्या आणि ग्रुप मिळतात ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि वर्षभरातला साधारण निम्मा पाऊस याच दोन महिन्यांत पडतो. याला तिथे जांगमा म्हणतात, जूनच्या शेवटाला लागतो, जुलैअखेर ओसरतो, मग ऑगस्टमध्ये वादळांच्या शेपटीने येणारा पाऊस वेगळा. वर्षाचा आकडा मुंबईच्या निम्म्याहून कमी आहे, त्यामुळे "आम्ही कोकणातले, आम्हाला काय सांगता" असं वाटेल, मलाही वाटलेलं. पण तो दोन-तीन दिवस एकदम ओततो, आणि उघडला की ३० च्या आसपास तापमान आणि असला दमटपणा की चिपळूणची आठवण यावी. शिवाय डोंगर बरेच उघडेबोडके आहेत, पाणी धरून ठेवायला झाडं नाहीत, म्हणून नद्या झटकन चढतात. २००७ च्या ऑगस्टमध्ये राजधानीतही पाणी शिरलं होतं, २०२४ च्या जुलैअखेर चीनच्या सीमेवरच्या यालू नदीने सिनुइजू शहराकडची गावंच्या गावं बुडवली.

तारखा निवडायच्या तर १५ ऑगस्ट धरून जा. आपला स्वातंत्र्यदिन तोच त्यांचा मुक्तिदिन, १९४५ साली त्याच दिवशी जपानी राज्य संपलं. पाऊस नसेल तर मोरानबोंगच्या टेकडीवर लोक डबे घेऊन येतात, आजीबाई ढोलकीच्या तालावर नाचतात आणि तुम्हालाही ओढतात. सगळ्या ट्रिपमध्ये मला तरी तेवढा एक तास कोणी बसवून दिलेला वाटला नाही. २७ जुलैलाही मोठा दिवस असतो, १९५३ च्या कोरियन युद्धातल्या युद्धविरामाचा, ते त्याला विजयदिन म्हणतात.

बॅग भरताना

दोन जोड बूट. हे ऐकाच. एक जोड भिजणार हे धरून चाला, आणि दुसरा बंद, काळा, साधा फॉर्मल, तो कशाला ते पुढे येतंच. फ्लोटर्स हॉटेलपुरते. पायाला चिखल्या होतात त्याची पावडर, ओडोमॉस (दक्षिणेकडे सीमेच्या बाजूला उन्हाळ्यात मलेरिया असतो), ओआरएस, नेहमीची औषधं पूर्ण ट्रिपची, कारण तिथे केमिस्ट शोधत फिरायचा प्रश्नच येत नाही. दोन पंचे घ्या. बुटात पेपरऐवजी पंचा कोंबायचा, रात्रभरात एकदम भारी काम करतो, आणि त्यावर कोणाचा फोटोही नसतो. घरून मराठी पेपर नेऊ म्हणाल तर नको, कस्टमवाले छापील मजकूर उलटून बघतात, मग त्यांना आपलं राशिभविष्य कोण समजावणार.

छत्रीपेक्षा रेनकोट बरा, पण मिलिटरी प्रिंटचा नको, साधा रंग. बायबल, धार्मिक पुस्तकं, दक्षिण कोरियाच्या सिरियल, के-पॉप, त्या देशावरची पुस्तकं, वेगळं जीपीएस मशीन, ड्रोन, मोठी टेलिलेन्स, हे काही नेऊ नका. लॅपटॉप-फोनमधलं पण साफ करून जा, बघतात.

शाकाहारी असाल तर एजन्सीला आधी सांगा आणि तरीही चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट बरोबर ठेवा. भात मिळतो, बटाटा, कोबी, अंडी, टोफू मिळतं, पण किमचीत बहुतेक वेळा माशाचा अंश असतो आणि सूप मांसाचंच. मांसाहारी लोकांची मजा आहे. ओक्र्यूग्वान नावाच्या हिरव्या छपराच्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये गार नूडल्स मिळतात, नेंगम्योन, पितळी रंगाच्या वाडग्यात थंडगार रश्श्यात, वरून व्हिनेगर आणि मोहरी घालायची. दमट दुपारी ते काय लागतं, विचारू नका. बरोबर तेदोंगांग बिअर, जिची यंत्रं इंग्लंडमधली एक बंद पडलेली ब्रूअरी विकत घेऊन, सुटी करून जहाजाने आणलेली आहेत.

पैसे: कार्ड चालत नाही, एटीएम नाही, यूपीआय वगैरे विसरा. युरो किंवा युआन, सुट्टे, कोऱ्या नोटा. ओल्या, फाटक्या, शाई लागलेल्या नोटा घेत नाहीत म्हणून झिपलॉकमध्ये ठेवा. सुट्टे परत देताना भलत्याच चलनात किंवा चक्क च्युइंगगमच्या रूपात येतात, वाद घालू नका. तिथली वॉन नोट साधारणपणे आपल्याला वापरता येत नाही, फक्त क्वांगबोक सुपरमार्केटमध्ये काउंटरवर बदलून खरेदी करता येते, ते गाईडला आवर्जून मागा, पावसाळी दुपारी टाइमपास पण होतो.

घरी आधीच सांगून ठेवा की आठवडाभर फोन लागणार नाही. रोमिंग नाही, इंटरनेट नाही. हॉटेलमधून आयएसडी लागतो पण मिनिटाला युरोत पैसे पडतात. घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे.

पोचणं

विमानाने बीजिंगहून साधारण दोन तास. ट्रेन पूर्वी २४-२५ तास घ्यायची, दानदोंग या चीनच्या सीमेवरच्या शहरात यालूचा पूल ओलांडून. मी जाताना विमान आणि येताना ट्रेन केलेली, पावसाळ्यात मी हाच क्रम सुचवेन, कारण येताना उशीर झाला तर फक्त पुढची फ्लाइट हुकते, जाताना उशीर झाला तर अख्खी टूर कापली जाते. म्हणूनच बीजिंगहून मुंबईची फ्लाइट टूर संपल्याच्या दिवशी ठेवू नका, मध्ये दोन रात्री सोडा. पुलावरून जाताना शेजारीच अर्धा तुटलेला पूल दिसतो, १९५० मध्ये अमेरिकन बॉम्बनी तोडलेला, चीनच्या बाजूचा अर्धा तसाच ठेवलाय. ट्रेनमधून भातखाचरं बघाल तेव्हा हात कॅमेऱ्याकडे जाईल, पण सैनिक, चेकपोस्ट, बांधकाम आणि राबणारी माणसं यांचे फोटो नाही.

गाईड: हे नीट वाचा

आमच्या दोन गाईड होत्या, त्यातल्या मोठीला आम्ही आपसात गाईडताई म्हणायचो. हॉटेलच्या आवाराबाहेर त्यांच्याशिवाय एक पाऊल नाही, अगदी समोर पान खायला जाऊ म्हणाल तसंही नाही. पहिल्या दिवशी हे टोचतं. पण लवकरच कळतं की तुम्ही काही आगाऊपणा केलात तर तुम्हाला कदाचित रागावून सोडतील, उत्तर मात्र तिला द्यावं लागेल. आपण चार दिवसांनी घरी, ती तिथेच. त्यामुळे राजकारणावर खोचक प्रश्न विचारून तिला कोंडीत पकडण्यात काही शौर्य नाही. मुलंबाळं, शाळा, जेवण, पाऊस यावर बोला, भरपूर बोलतात. भारताबद्दल प्रश्न विचारतात, हत्ती घरी असतो का वगैरे. देशाला "नॉर्थ कोरिया" म्हटलेलं आवडत नाही, डीपीआरके (त्यांच्या अधिकृत इंग्रजी नावाची आद्याक्षरं) म्हणा नाहीतर नुसतं कोरिया. नेत्यांची नावं नुसती घ्यायची नाहीत, "प्रेसिडेंट", "जनरल", "मार्शल" असं काहीतरी आधी लावायचं. शब्द तीनच पुरेत: आभाराला "कोमाप्सुम्निदा", छत्रीला "उसान", आणि पाऊस आला की "पी ओम्निदा". हे शेवटचं मी बसमध्ये म्हटलं आणि ड्रायव्हरकाका पहिल्यांदा हसले. शेवटच्या दिवशी टिप पाकिटात घालून द्या, हातात नोटा सरकवू नका.

अजून एक, आणि हे गमतीत घेऊ नका. ओटो वॉर्मबिअर हा अमेरिकन विद्यार्थी जानेवारी २०१६ मध्ये हॉटेलमधलं एक पोस्टर काढल्याच्या आरोपावरून पकडला गेला, १५ वर्षांची सक्तमजुरी लागली, जून २०१७ मध्ये कोमात असताना घरी पाठवला आणि काही दिवसांत गेला. ते हॉटेल म्हणजे नदीतल्या बेटावरचं ४७ मजली यांगाकदो, बरेच टुरिस्ट तिथेच उतरतात. लिफ्टमध्ये पाचव्या मजल्याचं बटण नाही. नाही तर नाही. बघायला जाऊ नका, काहीही "आठवण म्हणून" उचलू नका.

पावसात काय बघायचं, काय सोडायचं

तुमच्या हातात जो छापील कार्यक्रम देतात तो पावसाने रोज बदलतो, कधी पावसाने नसला तरी बदलतो, कारण विचारून उपयोग नाही. पण गाईडला "ही बाहेरची जागा उद्यावर टाकता येईल का" असं आदल्या रात्री जेवताना विचारलं तर बरेचदा जमवतात. सकाळी बसमध्ये सगळ्यांसमोर विचारू नका, तेव्हा त्यांना नाहीच म्हणावं लागतं.

मानसूच्या टेकडीवरचे दोन पुतळे मात्र पाऊस असो नसो, चुकत नाहीत. वीस मीटरच्या वर उंच ब्रॉन्झचे, देशाचे संस्थापक किम इल-सुंग यांचा १९७२ चा, शेजारी त्यांचा मुलगा किम जोंग-इल यांचा २०१२ पासून. फुलं वाहायची, ओळीत उभं राहून वाकायचं. आमच्या वेळी भुरभुर चालू होती आणि ताईने वाकायच्या आधी सगळ्यांच्या छत्र्या मिटायला लावल्या, म्हणून तिथे रेनकोट बरा. फोटोत पुतळा पूर्ण आला पाहिजे, पाय किंवा डोकं कापायचं नाही, पुतळ्यासारखा हात वर करून पोझ द्यायची नाही. फरशी ओली असली की घसरते, सांभाळा. हे वाकणं ज्याला पटत नसेल त्याने घरीच ठरवावं, तिथे पोचून तत्त्व आठवलं तर फजिती सगळ्या ग्रुपची होते.

कुमसुसान राजवाडा, जिथे दोघांचे देह काचेत ठेवलेत, तिथे तो दुसरा कोरडा फॉर्मल बूट लागतो. शर्ट, टाय, फुल पँट, बायकांना साडी किंवा अंग झाकणारा ड्रेस, पंजाबी सूट चालतो. कॅमेरा, फोन, छत्री, सगळं बाहेर जमा. बुटाचे तळवे ब्रशवर घासून घेतात, मग सरकत्या पट्ट्यांवर उभं राहून लांबच लांब कॉरिडॉर, त्यावर चालायचं नाही, नुसतं उभं राहायचं. मग हवेच्या झोताखालून आत. पायाशी आणि दोन्ही बाजूंना वाकायचं, डोक्याच्या बाजूला नाही. कुजबुजू नका, हात खिशात किंवा मागे नको. भिजलेल्या सॉक्सचा चपक चपक आवाज त्या शांततेत किती मोठा येतो हे मी अनुभवलंय.

धो धो पावसाचा दिवस मेट्रोला द्या. १९७३ ची, जमिनीखाली शंभर मीटरहून खोल, एस्कलेटरवर तीनेक मिनिटं नुसतं खाली खाली जात राहतो. स्टेशनांना जागेची नावं नाहीत, पुहंग म्हणजे पुनरुत्थान, योंगग्वांग म्हणजे वैभव, वर झुंबरं, भिंतीवर मोझाइक, आणि बरेच डबे बर्लिनहून आलेले जुने. प्लॅटफॉर्मवर पेपर स्टँडला लावलेले असतात, ऑफिसला जाणारे उभ्याने वाचतात, ओल्या छत्र्या हातात. माझ्या शेजारच्या आजोबांची छत्री माझ्या बुटावर ठिबकत होती, त्यांनी बघितलं आणि छत्री दुसऱ्या हातात घेतली.

जुचे (म्हणजे स्वावलंबन, त्यांची सरकारी विचारसरणी) टॉवरवर ढग असेल तर पैसे घालवू नका. १७० मीटर उंच, किम इल-सुंग यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला १९८२ मध्ये बांधला, ७० वर्षांच्या प्रत्येक दिवसाचा एक असे २५,५५० दगड. वर जायचं ते फक्त व्ह्यूसाठी, तोच नसेल तर लिफ्टचे युरो वाचवा. १०५ मजली र्यूग्योंग हॉटेलही ढगात अर्धं गायब होतं, १९८७ पासून बांधतायत, गिऱ्हाईक अजून एकही नाही. र्यूग्योंग हे शहराचंच जुनं नाव, म्हणजे विलोच्या झाडांची राजधानी, आणि पाऊस पडून गेल्यावर नदीकाठचे ते लोंबणारे विलो बघितले की नाव पटतं.

युद्ध संग्रहालय पण छताखालचं, शेजारी पाण्यात १९६८ मध्ये पकडलेलं अमेरिकन जहाज प्युब्लो. तिथली युद्धाची गोष्ट आपण वाचलेल्यापेक्षा उलटी सुरू होते, ऐकून घ्या. तिथे उभं असताना मला आपली ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स आठवत होती. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची भारतीय सैन्यातली वैद्यकीय तुकडी, डिसेंबर १९५० मध्ये सगळे प्योंगयांग सोडून पळत असताना औषधं टाकून जायला तयार नव्हती, तर त्यांनी टाकून दिलेलं एक रेल्वे इंजिन शोधलं, बादल्यांनी पाणी भरलं आणि सामानासकट निघाले. पण ते युनोच्या झेंड्याखाली आलेले, म्हणजे यजमानांच्या हिशेबात समोरचे, त्यामुळे ही गोष्ट संग्रहालयात सांगायची नाही. मी परत बीजिंगला येऊन सांगितली.

मास गेम्स, म्हणजे हजारो लोकांच्या कवायतींचा शो, असतील तर १९८९ च्या मे डे स्टेडियममध्ये, सगळ्यात स्वस्त तिकीट त्या वर्षी १०० युरो होतं. हजारो मुलं पुस्तकाची पानं उलटून समोर चित्र करतात. डोळे दिपतात आणि त्या मुलांनी किती महिने प्रॅक्टिस केली असेल हा विचारही जात नाही. तिकीट काढायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, मी काढलं.

दक्षिणेकडचं केसोंग शहर आणि दक्षिण कोरियाच्या सीमेचा दिवस पावसात सगळ्यात आधी रद्द होतो, रस्ता लांबचा आणि खड्ड्यांचा. जुन्या गाईडबुकात या रस्त्यावरची पुनर्मीलन कमान असते, दोन बायका हात पुढे करून उभ्या, ती शोधू नका, जानेवारी २०२४ मध्ये पाडली.

निघताना

ट्रेनने निघालात तर सिनुइजूला डब्यात येऊन बॅगा आणि फोटो तपासतात. माझ्या फोनमधले तीन फोटो डिलीट केले, एक रस्त्यावरच्या पाण्यातून सायकल ढकलणाऱ्या बाईचा, एक बांधकामाचा, आणि एक माझाच, रेनकोटात, मागे लांबवर कोणीतरी युनिफॉर्ममधलं. हसतमुखाने डिलीट करू द्या. बॅकअप कार्ड वगैरे लपवायची हुशारी नको, सापडलं तर गाडी तुमच्यासाठी थांबते. विमानातला तो पेपर मी सरळ, बिनघडीचा, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणला, अजून तसाच कपाटात आहे. पंचा मात्र दानदोंगला टाकून दिला, वास येत होता.